उलाळ गाडी आणि उलाळ विमान

विमानात बसणाऱ्या प्रत्येक प्रवाशाच्या हातात एक छापील पास असतो आणि त्यावर त्याच्या आसनाचा क्रमांक असतो. ज्याचे आसन त्याचे, असा साधा नियम. तरीसुद्धा कधी कधी उड्डाणापूर्वी हवाई सेविका येऊन सांगते, "मागच्या रांगांतील पाच-सहा जणांनी कृपया पुढे येऊन बसावे. विमानाचा समतोल साधायचा आहे." मग कुजबुज सुरू होते. कोणी खिडकी सोडायला तयार नसतो. कोणाला वाटते, आपण अंगाने जाड म्हणून आपल्याला उठवले. कोणी हसून म्हणतो, "वीस टनांचे हे धूड! चार माणसे इकडची तिकडे झाली तर त्याला काय कळणार?"

विद्यार्थी मित्रांनो, त्याला कळते. किती कळते याचा हिशेब नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला कागद-पेन्सिल घेऊन पाच मिनिटांत करता येतो. आज आपण तो हिशेब करणार आहोत.

हा विषय आपल्या खानदेशाला आता परका राहिलेला नाही. जळगावच्या विमानतळाचे उद्घाटन २०१२ साली त्यावेळच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले. 'उडान' योजनेखाली डिसेंबर २०१७ मध्ये तेथून मुंबईसाठी विमान सुटले, ते बीचक्राफ्ट १९००डी जातीचे, अवघ्या एकोणीस आसनांचे होते. ती सेवा पुढे बंद पडली. नंतर २०१९ पासून एटीआर-७२ जातीची सुमारे सत्तर आसनांची, पंख्याची विमाने जळगावच्या धावपट्टीवर उतरू लागली. जागा बदलण्याची विनंती प्रवाशांना ऐकू येते ती बहुधा अशाच लहान विमानांत. असे का, तेही पुढे कळेल.

एस.टी.त असे का सांगत नाहीत?

जळगावहून एरंडोल, पारोळामार्गे धुळ्याला जाणाऱ्या एस.टी.त तुम्ही कितीदा तरी बसला असाल. गाडी अर्धी रिकामी असली आणि सगळे उतारू मागच्या बाकांवर बसले, तरी वाहक कोणाला समतोलासाठी पुढे बोलावीत नाही. का बरे?

बसला पुढे चाके आहेत आणि मागेही चाके आहेत. बसचा गुरुत्वमध्य, म्हणजे जिथे सगळे वजन एकवटले आहे असे मानता येते तो बिंदू, या दोन आसांच्या मध्ये कुठेतरी असतो. उतारू मागे सरकले की गुरुत्वमध्य थोडा मागे सरकतो. मागच्या चाकांवर भार वाढतो, पुढच्या चाकांवर कमी होतो. रस्ता मागच्या चाकांना आपोआप जास्त जोराने वर रेटतो आणि पुढच्यांना कमी. तक्रार करायला जागाच उरत नाही. जमीन मोठी समजूतदार आहे. जिथे जेवढा आधार हवा तिथे तेवढा ती देते.

आता बैलगाडी पाहा. हिला चाके दोनच आणि आसही एकच. कापूस भरून जिनिंगला निघालेल्या गाडीवानाला विचारा. तो पोती कशीही रचत नाही. मागच्या बाजूला माल जास्त झाला, तर गाडीची मागची बाजू खाली दबते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. यालाच गाडी 'उलाळ' होणे म्हणतात. उलट सगळा माल पुढे लोटला, तर बैलांच्या मानेवर नको इतका भार येतो आणि ते लवकर थकतात. म्हणून अनुभवी गाडीवान माल असा रचतो की गुरुत्वमध्य आसाच्या किंचित पुढे यावा. जू मानेवर हलकेच टेकलेले राहते. गाडी चालायला हलकी आणि उलाळ होण्याची भीती नाही.

मित्रांनो, विमान हे एस.टी.सारखे नाही. ते बैलगाडीसारखे आहे.

विमानाचा आस कोणता?

उडणाऱ्या विमानाला वर उचलून धरतात ते त्याचे पंख. पंखांवरच्या या बलाला उत्थापक बल म्हणतात. ते पंखांवर सर्वत्र पसरलेले असले, तरी ते एका ठरावीक बिंदूत लागते असे आपण मानू शकतो. हा बिंदू म्हणजे विमानाच्या तराजूचा टेकू, किंवा बैलगाडीच्या भाषेत तिचा आस. विमानाचे सगळे वजन त्याच्या गुरुत्वमध्यातून खाली ओढते, आणि हा गुरुत्वमध्य टेकूच्या किंचित पुढे ठेवलेला असतो. आपल्या गाडीवानाने ठेवला तसाच.

मग विमानाचे नाक खाली का झुकत नाही? बैलगाडीत पुढे बैलांच्या माना आधार देतात. विमानाच्या पुढे बैल नाहीत, म्हणून तेच काम मागून केले आहे. शेपटीला एक लहानसा आडवा पंख असतो. नेहमीच्या प्रवासी विमानात तो सामान्यतः वर नव्हे, तर खाली दाब देतो. हा दाब थोडा, पण टेकूपासून त्याचे अंतर मोठे. बल आणि टेकूपासूनचे अंतर यांच्या गुणाकाराला परिबल म्हणतात, हे तुम्ही तरफेच्या धड्यात शिकला आहात. पुढच्या मोठ्या वजनाचे छोटे अंतर आणि मागच्या छोट्या दाबाचे मोठे अंतर, यांची परिबले सारखी झाली की विमान सरळ रेषेत उडते. आर्किमिडीजला दोन हजार वर्षांपूर्वी ठाऊक असलेला नियम तो हाच.

गुरुत्वमध्य फार पुढे गेला तर शेपटीला जास्त जोराने खाली दाबावे लागते. हा दाबही शेवटी पंखांनाच पेलावा लागतो. इंधन जास्त जळते. आणि उड्डाण करताना किंवा उतरताना नाक वर उचलायला शेपटीचा जोर अपुरा पडू शकतो.

गुरुत्वमध्य फार मागे गेला तर प्रकरण अधिक वाईट. धनुष्याचा बाण आठवा. त्याचे टोक जड असते आणि पिसे मागे असतात, म्हणून तो वाऱ्याने जरा हलला तरी पुन्हा सरळ होतो. विमानाचेही तसेच. वाऱ्याच्या झोताने नाक वर गेले, की पंख आणि शेपूट यांच्यावर जादा उत्थापक बल निर्माण होते. हे जादा बल गुरुत्वमध्याच्या मागे लागत असेल, तर ते नाक पुन्हा खाली आणते. पण गुरुत्वमध्यच मागे सरकून बसला, तर ते बल नाक खाली आणण्याऐवजी आणखी वर ढकलते. नाक फार वर गेले की पंखांवरून वाहणारी हवा पंखाला सोडून उधळते आणि उत्थापक बल झपाट्याने घटते. याला वैमानिक 'स्टॉल' म्हणतात. जमिनीलगत असे घडले, तर सावरायला उंचीच उरत नाही. उलाळ गाडीचे बैल सोडवता येतात. उलाळ विमान थांबवून उतरता येत नाही.

एक मौज सांगतो. एटीआर-७२ विमान जमिनीवर उभे असताना तर शब्दशः बैलगाडी असते. तिची मुख्य चाके हा आस, आणि प्रवाशांचे दार असते मागच्या बाजूला. चढणाऱ्यांची मागेच गर्दी झाली तर विमान शेपटीवर बसू नये म्हणून कर्मचारी शेपटीखाली एक टेकू लावतात. बैल सोडलेल्या गाडीला आपण लावतो, तसाच.

आता हिशेब करू

समजा एका एकोणीस आसनी विमानाचे सर्व भरून वजन ७,५०० किलोग्रॅम आहे. अंतरे मोजण्यासाठी विमानाच्या नाकाशी एक संदर्भरेषा धरली आणि गुरुत्वमध्य तिच्यापासून ७ मीटर मागे आहे. म्हणून एकूण परिबल:

७,५०० × ७ = ५२,५०० किलोग्रॅम-मीटर.

(हे 'किलोमीटर' नव्हे बरे! किलोग्रॅम आणि मीटर यांचा हा गुणाकार आहे.)

आता मागे बसलेले चार प्रवासी, प्रत्येकी ७५ किलोचे, ५ मीटर पुढे येऊन बसले. परिबल कमी झाले ते:

४ × ७५ × ५ = १,५०० किलोग्रॅम-मीटर.

उरले ५१,०००. त्याला ७,५०० ने भागा. उत्तर ६.८ मीटर. म्हणजे चार माणसांच्या हालचालीने संपूर्ण विमानाचा गुरुत्वमध्य २० सेंटिमीटर पुढे आला.

वीस सेंटिमीटर म्हणजे एक वीत. एवढ्याशा अंतराने काय होते, असे तुम्ही म्हणाल. पण या विमानांत गुरुत्वमध्याला फिरायला मोकळी जागाच मुळात थोडी असते. सत्तर आसनी एटीआरच्या पंखाची सरासरी रुंदी, पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत, सुमारे २.३ मीटर. गुरुत्वमध्याने या रुंदीच्या एका ठरावीक भागातच राहिले पाहिजे. तो भाग एका मीटरहूनही कमी. विमान सत्तावीस मीटर लांब, आणि त्याच्या तोलाची जागा शाळेच्या बाकाच्या लांबीएवढीही नाही.

तोच हिशेब या विमानासाठी करा. वजन २०,००० किलोग्रॅम धरा. दहा प्रवासी १० मीटर सरकले, तर गुरुत्वमध्य साडेसदतीस सेंटिमीटर सरकतो. पण ७०,००० किलोच्या मोठ्या जेट विमानात तेच दहा प्रवासी तेवढेच सरकले, तर जेमतेम पावणेअकरा सेंटिमीटर. लहान विमानांतच ही विनंती जास्त का ऐकू येते, याचे उत्तर या भागाकारात आहे.

विमान अर्धे रिकामे असताना प्रवाशांना अधिक उठवतात, याचेही कारण उघड आहे. सगळी आसने भरलेली असली तर वजन सर्वत्र सारखे पसरते. सत्तर आसनांत पंचवीसच प्रवासी असले आणि त्यांतल्या अठरा जणांनी मागच्या जागा घेतल्या, तर तोल बिघडतो.

"मग उड्डाणानंतर कोणी प्रसाधनगृहाकडे गेला तर?" हा प्रश्न चांगला आहे. ७५ किलोचा एक माणूस वीस टनांच्या विमानात १० मीटर चालला, तर गुरुत्वमध्य पावणेचार सेंटिमीटर सरकतो. माणसांची आणि खाद्यपदार्थांच्या ढकलगाड्यांची अशी ये-जा होणारच, म्हणून मर्यादा ठरवतानाच तेवढी सूट राखून ठेवलेली असते. वैमानिक किंवा स्वयंचलित यंत्रणा शेपटीचा दाब थोडा बदलून तोल सांभाळते. मात्र ज्यांना पुढे बसवले त्यांनी, दिवा विझला की लगेच, न विचारता आपल्या जुन्या खिडकीकडे परतू नये. उतरतानाही तोल लागतोच.

हिशेब कोण ठेवतो?

प्रत्येक उड्डाणापूर्वी जमिनीवरचा एक प्रशिक्षित कर्मचारी प्रवासी, सामान आणि इंधन यांचा भारतक्ता तयार करतो. त्याला 'लोडशीट' म्हणतात. त्यात दोन प्रश्नांची उत्तरे असतात: एकूण वजन किती, आणि ते कुठे आहे? पहिला प्रश्न आपल्याकडच्या उन्हाळ्यात फार महत्त्वाचा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर चढतो. तापलेली हवा विरळ होते, पंखांची उचल आणि इंजिनांचा जोर दोन्ही घटतात, म्हणून कमी वजन घेऊन उडावे लागते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मर्यादेबाहेर आले की सामान पुढच्या किंवा मागच्या कप्प्यात हलवतात. तेवढ्याने भागले नाही तर प्रवाशांना विनंती करतात. वैमानिकाने हा तक्ता तपासून स्वीकारल्याशिवाय विमान हलत नाही.

हा हिशेब वैमानिकाला अगदी सुरुवातीला शिकावा लागतो. धुळ्याजवळच्या गोंदूर विमानतळावर बॉम्बे फ्लाइंग क्लबचे प्रशिक्षण चालत आले आहे. ही संस्था १९२८ सालची, जे. आर. डी. टाटा याच क्लबात विमान चालवायला शिकले आणि १९२९ मध्ये भारतातला पहिला वैमानिक परवाना त्यांना मिळाला. सेसनासारख्या चार आसनी विमानात शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही पुढे कोण, मागे कोण, सामान किती, इंधन किती, या सर्वांची परिबले मांडून बेरीज करावी लागते. ध्वनीपेक्षा वेगवान अशा काँकॉर्ड विमानात तर तोलासाठी टाक्यांतले इंधनच पंपाने मागे-पुढे नेत असत, कारण ध्वनीचा वेग ओलांडला की पंखांचा 'टेकू' मागे सरके.

सरासरीने दिलेला धडा

आता एक अडचण पाहू. लोडशीट करणाऱ्याला प्रत्येक प्रवाशाचे वजन कसे कळणार? सामान तराजूवर चढते, माणसे चढत नाहीत. म्हणून माणसांसाठी एक सरासरी वजन ठरवलेले असते. प्रवासी पुष्कळ असतील तर जाड-बारीक यांची भरपाई होऊन सरासरी बहुधा बरोबर येते. पण माणसे थोडी असतील किंवा सरासरीच चुकीची असेल तर?

८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेत शार्लट येथून एअर मिडवेस्ट कंपनीचे उड्डाण क्र. ५४८१ निघाले. विमान बीचक्राफ्ट १९००डी. जळगावला २०१७ मध्ये आले त्याच जातीचे. आत १९ प्रवासी आणि २ वैमानिक. कागदावर वजन आणि तोल दोन्ही मर्यादेत होते. विमान उडाले, नाक वर जाऊ लागले, वैमानिकांना ते खाली आणता आले नाही, आणि सुमारे ३७ सेकंदांत ते विमानतळावरच कोसळले. एकवीसही जण मरण पावले.

चौकशीत दोन कारणे एकत्र आलेली दिसली. दोन रात्रींपूर्वी दुरुस्तीत शेपटीच्या झडपेची तार चुकीची जुळवली गेली होती, त्यामुळे ती झडप नाक खाली आणण्याच्या दिशेने पुरेशी वळतच नव्हती. दुसरे, विमान प्रत्यक्षात सुमारे २६० किलोग्रॅम जादा भारलेले होते आणि गुरुत्वमध्य मागील मर्यादेच्याही मागे होता. एकच दोष असता तर कदाचित निभावले असते. विमानाची जात सदोष नव्हती. मागे झुकलेला तोल आणि तो सावरायला अपुरी शेपूट, असा तो दुर्दैवी योग होता. त्यानंतर अमेरिकेत लहान विमानांच्या प्रवाशांना खरोखर तराजूवर उभे करून पाहणी झाली. प्रवासी धरलेल्या सरासरीपेक्षा सुमारे २० पौंडांनी, म्हणजे ९ किलोंनी, जड निघाले! माणसे वर्षानुवर्षे जड होत गेली होती. तक्त्यातला आकडा मात्र जुनाच राहिला होता. मग तो बदलण्यात आला.

दुसरे उदाहरण २१ जुलै २०२० चे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमहून स्पेनमधील पाल्माला निघालेल्या एका बोइंग ७३७ च्या बाबतीत संगणकाने 'मिस' अशी नोंद असलेल्या ३८ प्रौढ स्त्रियांना लहान मुली समजून प्रत्येकीचे वजन ६९ ऐवजी ३५ किलो धरले. लोडशीटवरचे वजन खऱ्या हिशेबापेक्षा १,२४४ किलोग्रॅमने कमी निघाले. विमान सुखरूप पोचले, कारण राखून ठेवलेली सूट पुरेशी होती. पण एका शब्दाच्या अर्थाने सव्वा टन वजन कागदावरून नाहीसे केले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

स्वतःच्या पायांनी चालणारे ओझे

कापसाचे पोते बांधून ठेवले की जागचे हलत नाही. माणूस मात्र स्वतःच्या पायांनी चालणारे ओझे आहे. महाराष्ट्राला याची कडू आठवण आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वादळी समुद्रात सापडली. लाटेच्या तडाख्याने ती कलली तेव्हा घाबरलेले उतारू एका बाजूला धावले आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक लोक बुडाले. बोट काय, विमान काय, ज्याच्या खाली घट्ट जमीन नाही अशा वाहनात प्रवाशांनी कुठे असावे हा शिष्टाचाराचा प्रश्न नसून परिबलाचा आहे.

घरी करून पाहा

वहीच्या कागदाचे नेहमीचे लांब विमान करा. प्रथम तसेच उडवा. मग नाकाला एक टाचणक्लिप लावून उडवा. मग तीच क्लिप मध्यभागी आणि शेवटी शेपटीला लावून पाहा. वजन तिन्ही वेळा तेवढेच आहे. बदलते ती फक्त जागा. क्लिप शेपटीला असताना नाक कसे वर उचलले जाते आणि विमान कसे कोलमडते, हे नीट पाहा. नाकाला दोन-तीन क्लिपा लावल्यावर काय होते तेही नोंदवा. प्रत्येक वेळी विमान बोटावर तोलून गुरुत्वमध्याच्या जागी पेन्सिलीने खूण करा. उड्डाण सर्वांत चांगले होते ती खूण कुठे आहे?

आता एक उदाहरण. एका विमानाचे प्रवाशांसह वजन २१,००० किलोग्रॅम आहे. गुरुत्वमध्य मागील मर्यादेच्या १० सेंटिमीटर मागे आहे. प्रत्येक प्रवासी ७५ किलोचा धरला आणि तो ७ मीटर पुढे येऊ शकतो असे मानले, तर किमान किती प्रवाशांना पुढे बोलवावे?

हवे असलेले परिबल २१,००० × ०.१ = २,१०० किलोग्रॅम-मीटर. एका प्रवाशामुळे मिळते ७५ × ७ = ५२५. भागाकार बरोबर चार येतो.

पण चारच बोलवाल, तर गुरुत्वमध्य नेमका मर्यादेच्या रेषेवर येऊन थांबेल. आणि ७५ ही तर नुसती सरासरी आहे. त्या चौघांत दोघे सडपातळ निघाले तर? म्हणून शहाणा कर्मचारी पाच-सहा जणांना विनंती करतो. तुम्हाला कधी अशी विनंती झाली, तर ती तुमच्या जाडीविषयी नाही, तुमच्या अंतराविषयी आहे हे ओळखा. पुढे जाऊन बसा, आणि शेजाऱ्याने "हे काय खूळ?" असे विचारले तर त्याला हा भागाकार करून दाखवा.